मोंतेरिज्जोनी: किल्ल्या सोपवणारा किल्लेदार फितूर होता का?

चारुता_पी
मागच्या महिन्यात बाबांना घेऊन इटलीला जाऊन आले. रोम झालं, फ्लोरेन्स झालं. पण बाबांच्या मनात घर करून राहिलंय ते सिएनाजवळचं मोंतेरिज्जोनी. एका टेकडीवर गोल तटबंदी, तिला १४ बुरूज, दोन दरवाजे. आत एक चौक, एक चर्च आणि मोजकी घरं. तटाचा घेर अवघा ५७० मीटर. बाबांचा गुडघा दुखतो, तरी या दरवाजातून त्या दरवाजात जायला त्यांना पाच मिनिटंही लागली नाहीत.

सिएनाच्या प्रजासत्ताकाने फ्लोरेन्सवर नजर ठेवायला १२१३ ते १२१९ या काळात हा कोट बांधला. पुढे तीनशेहून जास्त वर्षं तो फ्लोरेन्सच्या हाती लागला नाही. आणि १५५४ च्या एप्रिलमध्ये जोव्हान्नीनो झेती या किल्लेदाराने न लढता किल्ल्या शत्रूला देऊन टाकल्या. आमच्या वाटाड्या बाई त्याचं नाव घेताना अशा तावातावाने बोलत होत्या, जणू हे गेल्या आठवड्यात घडलंय. त्याचा आत्मा तटाखालच्या भुयारात अजून भटकतो असं तिथे सांगतात.

बाबा म्हणाले, फितूर तो फितूर. मी म्हटलं, पण झेती सिएनाचा नव्हताच ना! तो फ्लोरेन्समधून परागंदा झालेला माणूस. त्याला घरी परत जायचं होतं. यावरून सिएनाची बस येईपर्यंत आमचा वाद चालला, आणि घरी आल्यावरही अधूनमधून चालूच आहे.

इथे इतिहास वाचणारे बरेच जण आहेत. तुम्हाला काय वाटतं? आणि एवढंसं गाव एवढ्या भक्कम तटात का कोंडलं असेल, तेही कुणी सांगा.

बुरूजवेडा
चारुताताई, झकास विषय. आधी किल्ल्याचं बोलू, मग माणसाचं. तट किती रुंद आहे? फांजीवरून, म्हणजे तटावरच्या वाटेवरून, चालता येतं का? दरवाजा समोरून दिसतो की वळण घेऊन आत जावं लागतं? पाणी कुठलं? वेढ्यात टिकायचं तर पाणी आधी.

तुंगभद्रा
आम्ही गेलो होतो तिथे! फोटो शोधून टाकते. काय ते एकेक उंच मनोरे, अगदी आभाळाला टेकलेले. मनोऱ्यावर चढून लेकीच्या पायात गोळे आले होते.

चारुता_पी
तुंगभद्रा, ते सान जिमिन्यानो असणार. तेही जवळच आहे, म्हणून गल्लत होते. मोंतेरिज्जोनीचे बुरूज तटातच गुंफलेत, एकएकटे उभे नाहीत.

बुरूजवेडा, तट सुमारे दोन मीटर रुंद. फांजीवरून चालता येतं, पण सगळीकडून नाही, दोन तुकडे खुले आहेत आणि त्याचं तिकीट आहे. पाण्याचं म्हणाल तर चौकात विहीर आहे.

तुंगभद्रा
हो हो, सान जिमिन्यानोच! आत्ता फोटोमागची नोंद पाहिली. गंमत म्हणजे तिथेही सध्या १४ मनोरेच उरलेत.

अभिजित_टस्कनी
मी तीन वर्षं सिएनात शिकलो. मोंतेरिज्जोनी तिथून साधारण १५ किलोमीटर. सुट्टीच्या दिवशी कितीदा गेलो त्याची गणती नाही, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तुंगभद्राताईंची गल्लत झाली ते बरंच झालं, कारण दोन्ही गावं शेजारी ठेवून पाहिली की मोंतेरिज्जोनी नीट कळतं. सान जिमिन्यानोचे मनोरे खाजगी होते. श्रीमंत घराण्यांनी एकमेकांवर कुरघोडी करायला बांधलेले. एकेकाळी ७२ होते म्हणतात. ते गाव आपोआप वाढत गेलं. मोंतेरिज्जोनी कुणा सरदाराचं नाही आणि आपोआप वाढलेलंही नाही. एका शहराच्या सरकारने ठरवलं, जागा घेतली आणि सहा वर्षांत एका दमात उभं केलं. म्हणून तर बुरूज सारख्या अंतरावर आहेत.

आता का बांधलं? १२०३ साली पोज्जिबोन्सी इथे लवाद बसला आणि फ्लोरेन्स व सिएना यांच्यातली हद्द ठरवून दिली. कागदावर हद्द ठरली म्हणजे तंटा मिटला असं होत नाही. सिएनाने दहा वर्षांत त्या हद्दीलगत ही टेकडी धरली. खालून कास्सिया हा जुना रोमन रस्ता जातो, आणि एल्सा नदीचं खोरं, म्हणजे फ्लोरेन्सकडून येणारी वाट, वरून स्पष्ट दिसते. जवळच स्ताज्जा नावाचं गाव आहे, तिथेही गढी आहे. स्ताज्जा पुढे फ्लोरेन्सकडे गेलं. म्हणजे तटावरचा सिएनाचा पहारेकरी रोज सकाळी समोर शत्रूचा धूर बघत उठायचा.

बुरूजवेडा, दरवाजाचं असं आहे. सिएना आणि रोमच्या बाजूचा दरवाजा बुरुजाच्या पोटातून आत जातो. दुसरा फ्लोरेन्सच्या बाजूला. दोन्ही दरवाजांना जोडणारा रस्ता जवळपास सरळ आहे. आपल्यासारखी गोमुखी बांधणी नाही, वळसा नाही. पण तटाबाहेर उतारावर चर खणलेले असत, त्यात कोळसा भरून ठेवत. शत्रू चढायला लागला की पेटवून द्यायचा. तिकडे त्यांना कार्बोनाये म्हणतात.

बुरूजवेडा
पेटता खंदक! पाण्याचा खंदक टेकडीवर राहणार नाही, म्हणून विस्तवाचा. डोकं लावलंय.

झेतीबद्दल माझं मत साधं आहे. किल्लेदाराला किल्ला त्याचा जन्म कुठला हे विचारून देत नाहीत. त्याने इमान दिलं म्हणून देतात. जन्मगाव कुठलंही असो, किल्ली ज्याची त्यालाच परत करायची. चारुताताई, मी बाबांच्या बाजूने.

माईआजी
मी ७१ वर्षांची आहे. गेल्या वर्षी ज्येष्ठांच्या सहलीबरोबर गेले होते. इतिहासातलं मला फार कळत नाही, पण एक पाहिलं ते सांगते. सगळे चौकात आइस्क्रीम खात बसले होते. मी घरांच्या मागच्या बाजूला गेले, तर तटाला लागून परसबाग! ऑलिव्हची दोन-तीन झाडं, टोमॅटोचे वेल काठ्यांना बांधलेले, भोपळ्याची मोठी पिवळी फुलं आणि भिंतीच्या फटीतून लोंबणारं केपरचं झुडूप. एक आजी हातात बादली घेऊन पाणी घालत होत्या. त्यांना मराठी येत नव्हतं, मला इटालियन. मी भोपळ्याच्या फुलाकडे बोट दाखवून कढईत तळल्याची खूण केली. त्या हसल्या आणि तश्शीच खूण केली. वर बोटांनी चिमूट दाखवली, म्हणजे आत काहीतरी भरतात. आम्ही भरत नाही, बेसनात बुडवतो, हे काही मला खुणेने सांगता आलं नाही.

नंतर वाटाड्याने सांगितलं की तटाच्या आत मोकळी जागा पूर्वीपासून राखलेली होती. वेढा पडला तर भाजीपाला आतच पिकावा म्हणून.

चारुता_पी
माईआजी, मी हे पाहिलंच नाही. चौकातूनच फिरले.

रोहन१२
माझ्या भाच्याला हे गाव पाठ आहे! एका प्रसिद्ध व्हिडिओ गेममध्ये मोंतेरिज्जोनी नायकाच्या काकाचं गाव आहे, आणि मागे उंचावर भला मोठा वाडा आहे. आम्ही गेलो तेव्हा भाचा पहिल्यांदा तो वाडाच शोधत होता. तसा वाडा खऱ्या गावात नाही. फार हिरमुसला. मग तिथल्या छोट्या संग्रहालयात शिरस्त्राण आणि लोखंडी जाळीचा अंगरखा घालून बघू देतात, तो खांद्यावर आल्यावर स्वारी खूश. वजनाने पार वाकला, पण काढायला तयार नव्हता.

भास्कर_कुलकर्णी
बुरूजवेडा यांचं म्हणणं तत्त्व म्हणून मान्य. पण १५५४ समजून घेतल्याशिवाय निकाल देऊ नये असं मला वाटतं.

सिएनात सम्राट पाचव्या चार्ल्सची स्पॅनिश शिबंदी बसली होती. १५५२ च्या जुलैमध्ये लोकांनी उठाव करून ती हाकलली आणि फ्रान्सचा आधार घेतला. फ्लोरेन्सला तेव्हा ड्यूक कोझिमो द मेदिची होता, सम्राटाच्या बाजूचा. फ्लोरेन्समधल्या ज्या मोठ्या घराण्यांना मेदिचींची सत्ता नको होती ती परागंदा झाली होती. त्यांचा पुढारी पिएरो स्त्रोत्सी. त्याच्या वडिलांनी १५३७ साली कोझिमोविरुद्ध शस्त्र धरलं, हरले, आणि पुढच्या वर्षी कैदेत मेले. हा स्त्रोत्सी १५५४ च्या सुरुवातीला फ्रान्सतर्फे सिएनात दाखल झाला. जानेवारी संपता संपता कोझिमोची फौज सिएनाच्या वेशीवर होती. सेनापती मारिन्यानोचा मार्क्विस. त्याचंही आडनाव मेदिची, पण तो मिलानचा, फ्लोरेन्सच्या मेदिचींपैकी नव्हे.

म्हणजे बघा, सिएनाच्या स्वातंत्र्याची लढाई ही त्याच वेळी फ्लोरेन्सच्या दोन पक्षांमधली भाऊबंदकीही होती. झेती यातल्या परागंदा पक्षाचा. सिएनाने त्याला मोंतेरिज्जोनी दिलं ते याच हिशेबाने, की कोझिमोचा वैरी कोझिमोला शरण जाणार नाही. हिशेब चुकला. मारिन्यानोच्या फौजेपुढे त्याने किल्ला दिला, आणि त्यामागे मेदिचींशी जुळवून घेऊन घरी परतायची इच्छा होती असं सांगतात.

शिवाय तोफा आल्या होत्या. १२१९ चा तट दगडफेकी यंत्रांसाठी ठीक होता. उंच आणि पातळ बुरूज तोफेपुढे किती तग धरणार? पुढे काही बुरुजांची उंची कमी झाली, त्यामुळे आज दिसतं ते फ्लोरेन्सचा कवी दांते याने पाहिलेलं रूप नव्हे.

बुरूजवेडा
भास्करराव, तोफांचं कारण मला पटत नाही. तोफ लागली, तट पडला, मग दिला, तर गोष्ट वेगळी. त्याने किल्ला फुटायची वाट पाहिली नाही. आणि एक दिवस जास्त लढणं म्हणजे सिएनाला एक दिवस जास्त.

भास्कर_कुलकर्णी
एक दिवस जास्त म्हणजे आतल्या लोकांना एक दिवस जास्त उपास, हेही धरा. सिएनाने वर्षभर दम धरला आणि १७ एप्रिल १५५५ ला शरणागती पत्करली. त्या वर्षभरात शहरात काय झालं? शिधा पुरावा म्हणून ‘निरुपयोगी तोंडं’ वेशीबाहेर काढली. म्हातारे, बायका, पोरं. बाहेर मारिन्यानोचे शिपाई त्यांना मागे ढकलत आणि आतून दरवाजा उघडत नसे. किती जण त्या दोन भिंतींच्या मधे मेले. सिएनाचा बचाव करणारा फ्रेंच सरदार मोंल्यूक याने स्वतः हे लिहून ठेवलंय. इमान पाळल्याची ही किंमत. मी झेतीला निर्दोष म्हणत नाही, पण मोंतेरिज्जोनीच्या म्हाताऱ्यांवर ही वेळ आली नाही, हेही खरं.

माईआजी
भास्करराव, हे वाचून पोटात कालवलं. वेढ्यात माझ्यासारखीला आधी बाहेर काढलं असतं.

अभिजित_टस्कनी
सिएनात हे दुखणं अजून आहे. सिएना गेल्यावरही काही लोक दक्षिणेला मोंताल्चिनो या गावी जाऊन बसले, तिथे त्यांनी प्रजासत्ताकाचा झेंडा १५५९ पर्यंत उभा ठेवला. मी ज्या घरात भाड्याने राहायचो तिथले आजोबा ‘फ्लोरेन्स’ न म्हणता ‘तिकडचे’ म्हणायचे.

पायवाट
मी व्हिया फ्रांचिजेना या रोमला जाणाऱ्या जुन्या यात्रामार्गाचा टस्कनीतला टप्पा पायी केला आहे. या वादात वाटसरूची बाजूही यावी म्हणून लिहितो.

कँटरबरीचा आर्चबिशप सिगेरिक ९९० साली रोमहून परतला, त्या वेळी मुक्कामांची यादी लिहून ठेवली होती. ७९ मुक्काम. सिएनाच्या पुढचा मुक्काम म्हणजे आजचं अब्बादिया आ इझोला, मोंतेरिज्जोनीच्या पायथ्याशी. तेव्हा टेकडीवर हा कोट नव्हता. तिथला मठसुद्धा नंतरचा, १००१ चा. आव्हा नावाच्या विधवा सरदारणीने स्थापन केलेला. सभोवती दलदल, म्हणून नावात इझोला, म्हणजे बेट. आता दलदल नाही, शेतं आहेत.

सान जिमिन्यानोहून निघालो की हा टप्पा ३० किलोमीटरच्या आसपास पडतो. शेवटी पांढऱ्या मातीचा रस्ता, धूळ गुडघ्यापर्यंत. वळणावर एकदम समोर तो तट दिसतो आणि पाय आपोआप उचलायला लागतात. वारीत दिवे घाट चढून वर आलं की होतं तसं. चढ शेवटचा, दगड पायाखाली निसटतात. दरवाजातून आत गेल्यावर पहिली गोष्ट मला दिसली ती म्हणजे चर्चच्या पायरीवर बूट काढून बसलेली तीन माणसं, पायाच्या फोडांना सुई लावत. मीही शेजारी बसलो. एकीने न विचारता दोरा पुढे केला.

तेव्हा कोट बांधताना सिएनाच्या डोळ्यांसमोर फक्त फ्लोरेन्सची फौज नव्हती. हा रस्ता उत्तरेकडून रोमला जाणाऱ्या यात्रेकरूंचा आणि व्यापाऱ्यांचा. त्यावर जकात होती, धर्मशाळा होत्या. रस्ता ज्याच्या ताब्यात, पैसा त्याच्याकडे.

तुंगभद्रा
पायवाट, दोऱ्याचं काय करतात? मलाही पायी जायचं आहे.

पायवाट
फोडातून सुईने दोरा ओवून तसाच ठेवायचा, पाणी झिरपून जातं. काही डॉक्टरांना हे पसंत नाही, तेव्हा जायच्या आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. बूट मात्र दोन महिने वापरून मगच न्या.

निशिगंधा
आतापर्यंत नुसती वाचत होते. भास्कररावांनी जाता जाता दांतेचं नाव घेतलं, म्हणून लिहिते. हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे, तेव्हा थोडं लांबेल.

दांतेने ‘डिव्हाइन कॉमेडी’त मोंतेरिज्जोनीचं नाव घेतलंय, नरकखंडाच्या ३१ व्या सर्गात. प्रसंग असा. दांते आणि त्याचा वाटाड्या, रोमन कवी व्हर्जिल, नरकाच्या तळाकडे निघालेत. अंधुक उजेड आहे, धड रात्र नाही, धड दिवस नाही. एक शिंग वाजतं. दांतेला समोर पुष्कळ उंच बुरूज दिसतात. तो विचारतो, गुरुजी, हे कुठलं गाव? व्हर्जिल त्याचा हात प्रेमाने धरतो आणि सांगतो, अरे, हे बुरूज नव्हेत, राक्षस आहेत. एका खोल विहिरीच्या काठाभोवती कमरेपर्यंत रुतून उभे. मग धुकं विरत जावं तसं दांतेला दिसायला लागतं, आणि तो म्हणतो, मोंतेरिज्जोनी जशी आपल्या गोल तटावर बुरुजांचा मुकुट घालते, तसे हे राक्षस काठाभोवती उभे होते. फ्लोरेन्सचा माणूस, शत्रूच्या किल्ल्याचं वर्णन करतोय, आणि शब्द वापरतो मुकुटाचा. पण दिसतात मात्र राक्षस. मला त्यात दोन्ही ऐकू येतं, देखणेपण आणि धास्ती.

अभिजित, सापियाबद्दल तुम्ही लिहाल असं वाटत होतं. नाही लिहिलंत म्हणून मीच लिहिते. जून १२६९ मध्ये कोल्लेजवळ, म्हणजे मोंतेरिज्जोनीपासून हाकेच्या अंतरावर, फ्लोरेन्सने सिएनाचा पुरता मोड केला. सिएनाचा पुढारी प्रोव्हेन्झानो साल्व्हानी मारला गेला, त्याचं मुंडकं भाल्यावर मिरवलं. सापिया ही त्याची आत्या, सिएनाचीच. तिचा नवरा मोंतेरिज्जोनीजवळच्या कास्तिल्योंचेल्लोचा धनी. तिने देवाकडे आपल्याच माणसांचा पराभव मागितला होता. सिएनाची माणसं पळताना पाहून तिला एवढा आनंद झाला की ती आभाळाकडे तोंड करून देवाला म्हणाली, आता मी तुला भीत नाही. दांतेने तिला शुद्धिलोकात, म्हणजे मेल्यावर पापं धुतली जातात तिथे, मत्सरी लोकांमध्ये बसवलंय. डोळ्यांच्या पापण्या लोखंडी तारेने शिवलेल्या, कारण मत्सर डोळ्यांतून शिरतो. ती स्वतःच आपली गोष्ट सांगते आणि रडते. याच बाईने नवऱ्याबरोबर यात्रेकरूंसाठी धर्मशाळाही काढली होती.

म्हणजे झेतीच्या आधी जवळजवळ तीनशे वर्षं, याच माळावर, आपल्या लोकांचा नाश इच्छिणारी एक बाई होऊन गेली होती. तिला कुणी किल्ल्या दिल्या नव्हत्या. तिच्याकडे फक्त प्रार्थना होती.

बुरूजवेडा
निशिगंधाताई, अप्रतिम. धागा वाचनखुणांमध्ये साठवला.

पण दांतेचं ऐकायचं तर मग त्यालाच विचारा. फितुरांना तो कुठे बसवतो?

निशिगंधा
हेच लिहायला आज पुन्हा आले.

ते राक्षस कशाभोवती उभे आहेत हे काल सांगायचं राहिलं. ती विहीर म्हणजे नरकाचा शेवटचा थर. तळाशी गोठलेलं तळं आहे. अँतेयस नावाचा राक्षस दांते आणि व्हर्जिलला हातात उचलून तिथे अलगद खाली ठेवतो. आणि त्या बर्फात मानेपर्यंत गोठलेले कोण असतात? विश्वासघातकी. आप्तांचे, देशाचे, पाहुण्यांचे, धन्याचे. दांतेच्या लेखी विश्वासघाताहून मोठं पाप नाही. त्याला आगसुद्धा नाही, फक्त थंडी.

पुढच्याच सर्गात चालता चालता दांतेचा पाय एका डोक्याला लागतो. तो ओरडतो, माँतापेर्तीचा सूड घेतोस का? तो बोक्का देल्यी आबाती. १२६० साली माँतापेर्तीच्या लढाईत सिएनाने फ्लोरेन्सला धूळ चारली, त्या दिवशी फ्लोरेन्सच्याच बाजूला असलेल्या या माणसाने आपल्या निशाणवाल्याचा हात तोडला, निशाण पडलं आणि फौज उधळली. दांते त्याचे केस धरून उपटतो. एवढा राग त्याने फार थोड्यांवर काढलाय.

म्हणजे मोंतेरिज्जोनीचे बुरूज दांतेला कुठे आठवले? फितुरांच्या विहिरीच्या काठावर. आणि दोनशेहून जास्त वर्षांनी तो किल्ला कसा गेला? मी हा सर्ग कॉलेजपासून वाचतेय, पण चारुताने झेतीची गोष्ट सांगेपर्यंत हे दोन धागे माझ्या मनात कधी जुळले नव्हते. काल रात्री झोप लागली नाही.

रोहन१२
अंगावर काटा आला.

बुरूजवेडा
संपला विषय. दांतेने निकाल दिला.

अभिजित_टस्कनी
दांतेचा निकाल हवा असेल तर तो निकाल देणारा कोण होता तेही बघू या.

दांते स्वतः परागंदा होता. १३०२ साली फ्लोरेन्सने त्याला हद्दपार केलं, सापडला तर जाळा असा हुकूम काढला. राक्षस, मोंतेरिज्जोनी, बोक्का, सगळं त्याने परक्यांच्या दारात राहून लिहिलं. म्हणजे दांते आणि झेती एकाच गावचे आणि एकाच दुःखाचे. १३१५ साली फ्लोरेन्सने परागंदा लोकांना माफी देऊ केली. अट अशी की दंड भरायचा आणि सर्वांदेखत अपराधी म्हणून उभं राहायचं. दांतेने फ्लोरेन्समधल्या एका मित्राला पत्र लिहिलं, की या वाटेने मी माझ्या गावी येणार नाही. तो पुन्हा कधीच गेला नाही. १३२१ मध्ये राव्हेन्नाला वारला. तिथेच त्याची कबर आहे.

झेतीपुढेही तीच वाट आली होती. तो गेला.

बुरूजवेडा, यावरून तुमचंच म्हणणं ठाम होतं हे मला दिसतंय. पण मी तीन वर्षं घरापासून लांब राहिलो, तेही स्वतःच्या मर्जीने, हातात परतीचं तिकीट असताना. तरी गणपतीत व्हायचं ते व्हायचं. दांतेसारखा माणूस शतकात एखादा. बाकीच्यांना कुणी घराची किल्ली दाखवली तर ते काय करतील, हे मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

भास्कर_कुलकर्णी
अभिजित, +१. माझ्या मनात होतं ते मला असं मांडता आलं नव्हतं.

बुरूजवेडा
मी रात्रभर यावर विचार केला. झेती फितूर होता हे माझं मत कायम आहे. पण त्याला किल्ला देणाऱ्या सिएनाच्या कारभाऱ्यांचाही दोष आहे असं आता वाटतं. ज्याचं घर शत्रूच्या ताब्यात आहे त्याच्या हाती हद्दीवरचा किल्ला देऊ नये. वैर संपू शकतं, घर संपत नाही.

माईआजी
तुमचं सगळ्यांचं वाचून मला त्या बादलीवाल्या आजी आठवतायत. त्यांचं घर कधीपासून तिथे असेल कोण जाणे. किल्ल्या कुणी दिल्या, कुणी घेतल्या, पाणी घालायला कुणीतरी लागतंच.

चारुता_पी
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवण झाल्यावर बाबांना सगळे प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. निशिगंधाताईंचा बर्फाचा भाग आला तेव्हा त्यांनी टेबलावर थाप मारली, बघ, मी म्हटलं नव्हतं? अभिजितचा प्रतिसाद संपल्यावर मात्र काही बोलले नाहीत. मग म्हणाले, तो पत्राचा भाग परत वाच. वाचला. बाबा नोकरीच्या बदल्यांमुळे २२ वर्षं गावाबाहेर होते, आणि आजोबा गेले तेव्हा पोचू शकले नव्हते. ते त्याबद्दल कधी बोलत नाहीत. कालही बोलले नाहीत. चष्मा पुसून उठले आणि म्हणाले, परत जाऊ या तिथे, त्या मठापासून वरपर्यंत चालत.

पायवाट, गुडघा दुखणाऱ्या माणसाला अब्बादियापासून टेकडीपर्यंत झेपेल का?

पायवाट
झेपेल. दोन-तीन मैलांचाच प्रश्न आहे आणि बराचसा रस्ता सपाट. चढ फक्त शेवटी. सिएना ते एम्पोली मार्गावर कास्तेल्लिना इन किआंती-मोंतेरिज्जोनी नावाचं स्टेशन आहे, पण ते गावापासून लांब पडतं. बसने टेकडीच्या पायथ्याला कोलोन्ना दि मोंतेरिज्जोनीला उतरा. दोन काठ्या घ्या, एक नको. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर बघा. जुलैमध्ये तिथे मध्ययुगीन उत्सव असतो, छान असतो, पण गर्दी आणि ऊन दोन्ही बाबांना त्रास देईल.

तुंगभद्रा
चारुता, मला बरोबर घेशील का? या वेळी बरोबर गावी पोचायचं आहे.

चारुता_पी
नक्की. बूट आजच घे.